सेहेचाळीसचं बेचाळीस

मी आयुष्यात जे काही खोटं बोलले, ते बहुतेक सगळं शिंप्याशी बोलले.

नवऱ्याशी खोटं बोलायची कधी गरज पडली नाही, कारण ते ऐकतच नाहीत. कामावर खोटं बोलायची सोय नाही. मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावते, तिथे थाप मारली तर भलत्याच माणसाला मधुमेह होतो. उरले पुण्याचे कदम टेलर. एकतीस वर्षांपूर्वी लग्न करून मी इथे आले, तेव्हापासून माझे ब्लाऊज तेच शिवतात. बाकीच्या बायका शिंप्याला मापाचा ब्लाऊज देतात, म्हणजे अंगाला नीट बसणारा एखादा जुना, की त्यावरून त्यानं नवा कापावा. मी कधीच दिला नाही. मापाचा ब्लाऊज सगळं खरं सांगून टाकतो. मी आपली फोनवर सांगते, "कदम, छाती छत्तीस. नेहमीचंच."

लग्नात मी छत्तीस होते, हे अगदी शपथेवर. त्यानंतर एक बाळंतपण झालं, एकतीस नाताळ झाले, आणि इथल्या सुपरमार्केटात बिस्किटांचे पुडे दोनावर एक फुकट मिळतात हे कळलं. पण कदमांना मी छत्तीसच सांगत राहिले. ब्लाऊज येतो, मी घालते, तो छान बसतो. म्हणजे मी अजून छत्तीसच आहे, असा माझा प्रामाणिक समज होता.

(तरी घरातल्या आरशाचं आणि माझं पटत नाही ते नाहीच. तो आरसाच स्वस्तातला आहे.)

माझं कपड्यांचं धोरण एकच होतं. झाकायचं. काळा, राखाडी, चॉकलेटी, फारच मोठा सण असेल तर गर्द निळा, आणि सगळ्यावर मांडीपर्यंत येणारं काळं कार्डिगन. रंगानं मी सावळी आणि अंगानं भरलेली. लहानपणी पिवळा फ्रॉक मागितला तेव्हा आई म्हणाली होती, "आपल्याला नाही गं शोभत, रंग आणखी दबतो." आई प्रेमानंच म्हणाली. मीही तेवढ्याच प्रेमानं ते पंचेचाळीस वर्षं पाळलं.

आणि मग आमच्या रोहननं सिमोनला घरी आणलं.

नोव्हेंबरचा रविवार होता. बाहेर दुपारी साडेतीनलाच दिवे लागले होते. मी दार उघडलं तर पायरीवर मोहरीच्या फुलांच्या रंगाचा कडक इस्त्रीचा सूट, डोक्याला निळा-केशरी छापील फेटा, कानात तळहाताएवढी पितळी कर्णफुलं आणि लाल लिपस्टिक. या सगळ्याच्या आत एक काळीभोर, माझ्याहून चांगली ऐसपैस मुलगी उभी होती आणि माझ्याकडे बघून मनापासून हसत होती. मी पहिलं काय केलं असेल, तर माझ्या कार्डिगनचं वरचं बटण लावलं.

"आई, ही सिमोन," रोहन म्हणाला. तो इथेच जन्मला, त्यामुळे त्याच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंग वाऱ्यावर सोडलेले असतात. "कौन्सिलमध्ये काम करते. खूप चांगला मुलगी आहे."

चांगलाच मुलगी होती. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, घरांसाठी भांडणाऱ्या लोकांना ती दिवसभर शांतपणे तोंड द्यायची. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. ही आजी, म्हणजे ग्रॅनी पर्ल, जमैकाहून इथे आलेली, आणि चाळीस वर्षं नॉटिंगहॅमच्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईयंत्रावर बसलेली. सिमोन माझ्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवसापासून अशी वावरली, की वर्षभरात मला ती रोहनपेक्षा जास्त आवडायला लागली. हे मी रोहनलाही सांगितलं. तो म्हणाला, मलापण.

साखरपुडा ठरला जूनमधल्या शनिवारी, आमच्याच घरी. साडी निवडायची वेळ आली तेव्हा मी फोनवर फोटो दाखवले आणि वाइन रंगाची साडी हळूच पुढे सरकवली. "ही सोबर आहे," मी म्हटलं. (सोबर हा शब्द आमच्याकडे जाड आणि सावळ्या बायकांसाठी राखून ठेवलेला असतो.)

सिमोननं बोट ठेवलं ते पोपटी साडीवर. राणी रंगाचे काठ. डोळ्यांवर हात घ्यावा इतका पोपटी.

"तुला वाटतं, शोभेल?"

"आंटी, मला दिसतंय," ती म्हणाली.

लीड्सच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी तो फोटो पाठवला. त्या कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढता काढता कोण किती सुटलंय हे जाहीर करतात. त्यांचा लगेच फोन आला. "पोपटी? त्या अंगाला आणि त्या रंगाला? अगं, वाइन घ्यायचीस ना." मी म्हटलं, तिला आवडलीय. पण खरं सांगते, फोन ठेवल्यावर मी धसका घेतला. लोक काय म्हणतील याचा नव्हे, जाऊबाई काय म्हणतील याचा. लोक निदान हळू बोलतात.

आता आमच्याकडे साखरपुड्यात मुलाची आई मुलीची ओटी भरून तिला साडी देते. मुलगी आत जाते, ती साडी नेसून बाहेर येते, आणि मग अंगठ्या. म्हणजे ब्लाऊज आधीच शिवून तयार हवा. मी सिमोनकडे माप मागितलं. दुसऱ्या दिवशी ग्रॅनीच्या टपोऱ्या अक्षरातला कागद आला. छाती सेहेचाळीस. दंड अठरा. आणखी दहा-बारा आकडे, अर्ध्या-पाव इंचापर्यंत.

तो कागद घेऊन मी बराच वेळ बसले. कदमांच्या दुकानात माप मोठ्यानं वाचतात. एक जण सांगतो, दुसरा वहीत लिहितो, आणि बाकावर बसलेल्या चार बायका ऐकतात. त्यांतली एक तरी आमच्या नात्यातली निघतेच. होणाऱ्या सुनेचं सेहेचाळीस असं भर दुकानात पुकारलं जाणार, ते संध्याकाळपर्यंत लीड्सला पोचणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. म्हटलं, पोरीची अब्रू राखायला हवी.

मी फोन लावला आणि म्हटलं, "कदम, लिहून घ्या. छाती बेचाळीस. दंड सोळा."

"माप कुणी घेतलंय ताई?"

"तिच्या आजीनं. चाळीस वर्षं कारखान्यात शिवत होत्या त्या," मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"मग काय बघायलाच नको," कदम म्हणाले.

तिच्या ब्लाऊजच्या राणी रंगाच्या कापडातून मी माझाही एक शिवायला टाकला. सासू-सुनेचा जोड दिसेल, एवढी हौस मला होती. अर्थात माझा चॉकलेटी साडीच्या पदराखाली आणि कार्डिगनच्या आत राहणार होता, त्यामुळे जोड फक्त मला आणि देवाला दिसला असता.

ब्लाऊज आले गुरुवारी, पुण्याहून येणाऱ्या ओळखीच्या बाईंच्या बॅगेतून, दोन किलो भाजणीच्या खाली चेपून. सिमोन संध्याकाळी आली आणि म्हणाली, "एकदा घालून बघते ना."

"आमच्यात साडी ओटीत पडायच्या आधी काही अंगाला लावत नाहीत," मी म्हटलं.

ही प्रथा मी त्याच क्षणी, गॅसवर दूध ठेवलेलं असताना, तयार केली. मला तो सोहळा जसाच्या तसा हवा होता, हे एक कारण. दुसरं कारण मी स्वतःलाही सांगितलं नाही. सिमोननं "ओह, सॉरी," म्हणून आदरानं ब्लाऊज खाली ठेवला. तिला बिचारीला आमच्या चालीरीती मोडायच्या नव्हत्या.

शनिवारी खाली तीस माणसं, भटजीकाका, मसालेभात, आणि मधोमध जाऊबाई. मी सिमोनची ओटी भरली, साडी दिली, आणि सिमोन, जांभळी हॅट घातलेल्या ग्रॅनी आणि मी अशा तिघी वर माझ्या बेडरूममध्ये गेलो. परकर झाला. मग ब्लाऊज.

उजवा हात कोपरापर्यंत गेला. कोपराच्या वर ब्लाऊजनं नकार दिला.

मी म्हटलं, नवं कापड आहे, जरा ताठ असतं. आणि खेचलं. ब्लाऊज दोन बोटं वर चढला आणि तिथे जो बसला तो बसला. आता तो पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"श्वास सोड," मी म्हटलं.

"आंटी, मी दंडानं श्वास घेत नाही," सिमोन म्हणाली.

(आमचं बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी इथे मराठीत सांगते आहे, कारण त्या दिवशीचं माझं इंग्रजी पुन्हा सांगण्यासारखं नाही.)

दारावर टकटक झाली. आमचे हे. "अगं, किती वेळ? भटजीकाका विचारतायत."

"होतंय."

"काय होतंय?"

"तुम्ही त्यांना जेवायला वाढा."

"अंगठ्यांच्या आधी?"

"अहो, वाढा म्हणते ना."

हे गेले, तर रोहन आला. "आई, सिमोन ठीक आहे? ब्लाऊज बसली का?"

मला घाम फुटला होता. आणि माणसाला घाम फुटला की दुसऱ्याचा दोष लगेच दिसतो. "सगळी त्या कदमांची चूक आहे," मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे फोन लावून स्पीकरवर टाकला. पुण्यात संध्याकाळचे पाच वाजले होते. "कदम, हा काय ब्लाऊज शिवलाय? पोरीचा हात जात नाहीये."

"असं कसं होईल ताई? थांबा, वही बघतो." पानं उलटल्याचा आवाज. मग ते आपल्या दुकानातल्या आवाजात खणखणीत वाचायला लागले. "छाती बेचाळीस. दंड सोळा."

रोहन दाराबाहेरून इमानेइतबारे भाषांतर करत होता. "ही सेज चेस्ट फॉर्टी-टू, आर्म सिक्स्टीन!"

ग्रॅनींनी हॅट काढून पलंगावर ठेवली. "मी सेहेचाळीस लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि दंड अठरा."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे म्हणजे दोघीच, पण मला त्या पुष्कळ वाटल्या.

"कदम," मी अजून सुटकेची वाट शोधत होते, "तुम्ही नेहमी थोडं सैल ठेवता ना? माझं कसं नेहमी बरोबर बसतं?"

"तुमची गोष्ट वेगळी ताई," कदम प्रेमानं म्हणाले. "तुम्ही छत्तीस सांगता, मी चाळीस कापतो. तुम्ही दर दोन वर्षांनी दुकानात येता, एकदा नजर टाकली की कळतं. पण हे माप तुमचं नव्हतं. तुम्हीच म्हणालात, आजीबाई कारखान्यात होत्या. कारागिराचं माप, त्याला मी कशाला हात लावू?"

दाराबाहेरचं भाषांतर थांबलं. "रोहन," मी म्हटलं, "याचं भाषांतर करायची काही गरज नाही."

"रोहन," आतून सिमोन म्हणाली, "कर."

आणि माझ्या पोटच्या पोरानं ते केलं. आकड्यांसकट.

ग्रॅनींना खोकल्याची उबळ आली. (तो खोकला नव्हता.) पण सिमोन हसली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली, एका दंडावर राणी रंगाचा ब्लाऊज तसाच लटकत होता, आणि तिनं शांतपणे विचारलं, "आंटी, माप तुम्ही बदललंत?"

"हो."

"का?"

"तुला लाज वाटू नये म्हणून. दुकानात मोठ्यानं वाचतात."

"मला कशाची लाज? मी स्वतः ते पाठवलं होतं. माझं माप आहे ते. मला माहीत आहे ते, मी रोज त्यात राहते." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी माझ्या ड्रेसमध्ये खाली जाते. चांगला ड्रेस आहे. मला ही साडी फार नेसायची होती. पण जिला मी चार इंच कमी हवी आहे, तिच्या साडीत मी नाही जाणार."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. कारण ती बरोबर बोलत होती, आणि मी तिला गमावत होते. खाली तीस माणसांना वाढणं चाललं होतं आणि वर माझ्या बेडरूममध्ये माझी सून व्हायची राहत होती. आणि ते मीच केलं होतं, स्वतःच्या हातानं, तिच्यावर उपकार समजून.

"सिमोन," मी म्हटलं, "तू मला कमी नको आहेस गं. तू दारात आलीस ना त्या दिवशी, त्या मोहरीच्या रंगाच्या सुटात, तेव्हा मला तुझा हेवा वाटला. मी लगेच बटण लावलं. मला मीच कमी हवी होते. एकतीस वर्षं. आता ऐकलंस ना, कदमांनीसुद्धा सांगितलं." मी रडायला लागले, आणि मी रडते तेव्हा ते काही सिनेमातल्यासारखं दिसत नाही.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं," सिमोन म्हणाली.

"हो."

"घालून बघायचं नसतं, ती प्रथा?"

"तीपण माझीच," मी म्हटलं.

"रडणं नंतर," ग्रॅनी म्हणाल्या. "मशीन आहे का घरात?"

मशीन होतं. लग्नानंतरच्या उत्साहात घेतलेलं, गेली वीस वर्षं त्यावर मनी प्लांट होता. रोहननं झाडासकट ते वर आणलं. ग्रॅनींनी पर्समधून छोटी कात्री काढली, बाहीची शिवण उसवून सिमोनला मोकळं केलं, मग ब्लाऊज उलटा करून चष्म्यावरून न्याहाळला. "शिलाई उत्तम आहे. माणूस कामाचा आहे," त्या फोनकडे बघत म्हणाल्या. कदम अजून लाइनवरच होते, त्यांना सोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कदमकाका, ग्रॅनी म्हणते तुमचा शिलाई चांगला आहे," रोहननं बाहेरून कळवलं.

"आजींना नमस्कार सांगा. कडेला एकेक इंच सोडलंय. पण तेवढ्यानं भागायचं नाही. दोन्ही कुशींत पट्ट्या आणि बगलेत तिकोनी तुकडा घालावा लागेल."

रोहन भाषांतर करायला लागला, तोवर ग्रॅनींनी बोटानं बगलेत तिकोन काढून दाखवला होता. दोघांचं भाषेवाचून काही अडत नव्हतं, अडलं ते कापडावर. "याच कापडाचा आणखी तुकडा आहे?" ग्रॅनींनी विचारलं.

मी कार्डिगनची बटणं उघडली. आत तोच राणी रंग होता.

"नको," सिमोन म्हणाली. "आंटी, मग तुम्ही काय घालणार?"

"कार्डिगन."

"साडीवर नुसतं कार्डिगन?"

"सगळी बटणं लावीन."

आणि सिमोन हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं, की मी पाठ फिरवून ब्लाऊज उतरवला आणि ग्रॅनींच्या हातात दिला. "कापा," मी म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं नाही. कदमांच्या एका ब्लाऊजच्या पाठीवर कात्री चालली आणि दुसऱ्याच्या कुशीत ती पाठ जाऊन बसली.

मशीन खडखडत होतं तेव्हा सिमोननं सांगितलं, की ती चौदा वर्षांची असताना शहरातल्या एका दुकानात गेली होती. विक्रेती तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, तुझ्यासाठी इथे काही नाही. ती घरी येऊन पांघरुणात शिरली. ग्रॅनी आठवडाभर रोज रात्रपाळीहून आल्यावर मशीनवर बसल्या आणि तिच्या मापाचा केशरी कोट शिवला. शनिवारी तिला तो घालायला लावला, हाताला धरलं आणि मार्केट स्क्वेअरमधून, सगळ्या गर्दीतून, दोन चकरा मारल्या.

"पहिल्या चकरेत मी खाली बघत होते," सिमोन म्हणाली.

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या चकरेत माझ्या लक्षात आलं, कोट खरंच फार सुंदर होता."

ग्रॅनींनी मान वर केली नाही. "आत अस्तर रेशमी होतं," एवढंच म्हणाल्या.

मी माझं कार्डिगन घट्ट ओढून बसले होते, आतून ते चावत होतं. सिमोननं आपली बॅग उघडली. जेवणं झाल्यावर घालायला तिनं एक टॉप आणला होता. लिंबाच्या रंगाचा, कोपरापर्यंत बाह्या, गोल गळा, मऊसूत. तिनं तो माझ्यापुढे धरला.

"छे," मी म्हटलं. "मला पिवळं शोभत नाही."

"कोण म्हणालं?"

"माझी आई."

"कधी?"

"मी अकरा वर्षांची असताना."

"मग एकदा परत बघू या," ती म्हणाली.

तिनं माझ्या डोक्यातून टॉप घातला, खांद्यावर नीट केला, आणि मला आरशापुढे उभं केलं. मी नेहमीच्या सवयीनं तिरकी उभी राहिले. तिनं मला धरून सरळ केलं. चॉकलेटी साडी आणि पिवळा लिंबू रंग, आणि वर माझा चेहरा. मी काही अप्सरा दिसत होते अशातला भाग नाही. पण मी दिसत होते.

मग मी तिला साडी नेसवली. पदर मी नेहमीसारखा पोटावरून, कुशीवरून, शक्य तिथून घ्यायला लागले, तर तिनं माझा हात धरला. "इतकं नका झाकू. त्याच्यात दोन ब्लाऊज गेलेत." तेव्हा मी पदराच्या निऱ्या बारीक केल्या आणि खांद्यावर पिन लावली. ती पोपटी साडी, ते राणी काठ, तिची काळी तुकतुकीत कांती आणि तिचं ते भरघोस उभं राहणं. मी तिच्यावरून मीठमोहरी उतरवली नाही ती केवळ मोहरी खाली स्वयंपाकघरात होती म्हणून.

आम्ही जिना उतरलो तेव्हा माणसं ताक पीत होती. सिमोन पुढे होती. रोहननं तिच्याकडे बघितलं आणि दोन भाषांपैकी त्याला एकही आठवली नाही. भटजीकाका म्हणाले, "वा, लक्ष्मी आली." सिमोन पाटावर बसली, अशी ताठ आणि प्रसन्न, की पाटच तिच्यासाठी केला असावा. अंगठ्या झाल्या. तिनं वाकून मला नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "आई, शिवण धरलीय." आंटी नव्हे. मी ऐकलं आणि ऐकलं नाहीसं दाखवलं, कारण वर तिनं मला तिची लाल लिपस्टिक लावली होती आणि ती मला रडून खराब करायची नव्हती.

आमचे हे पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले. "कार्डिगन कुठंय?" त्यांनी विचारलं.

"वर आहे. गरम होत होतं."

"हो का," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "बरी दिसतेस." आमच्या घरात हा सर्वोच्च पुरस्कार आहे आणि तो मला यापूर्वी एकदाच मिळालेला आहे, तोही रोहनच्या वेळी, भूल दिलेली असताना.

जाऊबाई मात्र केव्हापासून माझ्यावर नजर लावून होत्या. सिमोनला त्या काही बोलू शकल्या नाहीत. बोलायला फट म्हणून नव्हती. त्या पेढा हातात घेऊन माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्यावरचं पिवळं कापड दोन बोटांत धरून चांगलं वीतभर ओढून बघितलं.

"अगं, केवढा सैल आहे हा. कुणाचा?"

"सुनेचा."

"तिच्या मापाचा तू घातलास? काय हे, छप्पन्नाव्या वर्षी."

तीस माणसं ऐकत होती. मी पदर मागे सारला, पोट आत घेतलं नाही, आणि म्हटलं, "असू दे वहिनी. वाढत्या अंगाचा घेतलाय."